बँडचं पोस्टर आणि अल्बमचं पॅकिंग: मजकूर गोळा करण्यापासून प्रेसवरून गठ्ठा उचलेपर्यंत

मुंबईत स्वतःची गाणी करणारा कुठलाही मराठी बँड घ्या, त्यांच्या ओळखीत एक "तो डिझाईन करतो ना" असा मित्र असतोच, आणि पोस्टर, कव्हर, टी-शर्ट, बॅनर सगळं त्याच्याच गळ्यात पडतं. हा लेख त्या मित्रासाठी. ज्याला फोटोशॉप, इलस्ट्रेटर किंवा निदान कॅन्व्हा बऱ्यापैकी येतं, पण प्रेसवर गेल्यावर समोरच्याने "क्रीझिंग मारायचं का, लॅमिनेशन मॅट की ग्लॉस, बारा-अठरावर काढू का" असं धडाधड विचारलं की जो नुसती मान डोलावतो, त्याच्यासाठी.

सोयीसाठी एक बँड डोळ्यासमोर धरू. समजा डोंबिवलीची पाच जणं आहेत, भारूड-गोंधळाच्या चाली इलेक्ट्रिक गिटार आणि संबळावर घेतात, आठ गाण्यांचा पहिला अल्बम येतोय आणि त्याचा लाँच शो रविवारी संध्याकाळी दादरला आहे. हातात वेळ आहे साधारण सहा आठवडे. एवढा वेळ पुरतो, पण मधे काही ढिसाळपणा केला तर नाही पुरत.

आधी मजकूर

कॉम्प्युटर उघडायच्या आधी सगळा मजकूर एका ठिकाणी लिहून घ्या. बँडचं नाव नेमकं कसं लिहायचं, एक शब्द की दोन, ऱ्हस्व की दीर्घ, अल्बमचं नाव, शोची तारीख, वार, वेळ, हॉल, स्टेशन, पूर्व की पश्चिम, तिकीट किती आणि कुठे मिळणार, कोणाचे लोगो टाकायचे, आणि माणसांची नावं कुठल्या क्रमाने. हा क्रमाचा विषय वाटतो तेवढा साधा नसतो, संबळवाल्याचं नाव "सहभाग" मधे खाली गेलं आणि कीबोर्डवाल्याचं वर आलं की ग्रुपवर शांतता पसरते आणि मग ती शांतता तुम्हालाच निस्तरावी लागते. म्हणून क्रम त्यांनाच ठरवू द्या आणि लिहून मागवा.

दुसरं, मंजुरी कोण देणार ते एकच नाव ठरवून घ्या. पाच जणांना ड्राफ्ट पाठवलात तर पाच रंग येतील, शिवाय कोणाची तरी बायको, कोणाचा तरी ऑफिसातला सिनियर, सगळे बोलणार. ऐका सगळ्यांचं, पण "ओके" एकाचाच. दुरुस्त्यांचे राऊंड किती ते पण आधीच बोलून ठेवा, मैत्रीत असेल तरी, किंबहुना मैत्रीत असेल तर जास्तच.

आणि गाणी ऐका. सांगायला लाज वाटते पण बरीच पोस्टर गाणी न ऐकता बनतात, आणि मग मराठी बँड म्हटलं की तीच मशाल, तीच पगडी, तोच भगवा-काळा ग्रेडियंट. गाणी ऐकताना कागदावर जे दिसेल ते लिहीत जा, रंग, वस्तू, वेळ दिवसाची की रात्रीची. त्यातलं ऐंशी टक्के फेकून द्यायचंय, पण उरलेल्यातूनच कव्हर निघतं.

हे दिसणार कुठे

पोस्टर म्हटलं की आपल्याला भिंत आठवते, पण मुंबईत भिंतीवर पोस्टर चिकटवणं हा गुन्हा आहे, १९९५ चा महाराष्ट्राचा मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्धचा कायदा आहे आणि नाव-नंबर पोस्टरवर तुमचाच असतो, त्यामुळे पकडायला फार शोधाशोध करावी लागत नाही. रस्त्यावर बॅनर लावायला पालिकेची परवानगी लागते, रेल्वेच्या हद्दीत रेल्वेची. मग कागदाची पोस्टर लागतात कुठे? नाट्यगृहाच्या बोर्डवर, कॉलेजच्या नोटीस बोर्डवर, म्युझिक क्लासच्या दारावर, रिहर्सल स्टुडिओत, ओळखीच्या कॅफेत किंवा उडप्याच्या गल्ल्यामागे, सगळीकडे विचारून. म्हणजे संख्या फार लागतच नाही. पन्नास-शंभर पोस्टर पुरतात, आणि संख्या कमी म्हणजे चांगल्या कागदावर खर्च करायला मोकळे.

बाकी सगळं फोनवर. व्हॉट्सअॅपवर पोस्टर जाणार, तिथे ते दाबलं जाऊन फोटोची धार जाते, पुढे कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढून स्टेटसला टाकणार. त्यामुळे फोनवर बोटाएवढ्या आकारात तारीख आणि हॉल वाचता आला पाहिजे, ही अट पहिल्यापासून धरून चला, शेवटी बघू म्हटलं की नाही होत.

नावाचं अक्षर

मी तरी सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवायला सांगेन. बँडचं नाव ज्या अक्षरात लिहाल तेच पोस्टरवर, कव्हरवर, ड्रमच्या पुढच्या कातड्यावर, टी-शर्टवर जाणार, फोटो बदलत राहतील पण अक्षर राहील.

आपल्याकडे ह्या कामाची परंपरा तयार आहे आणि ती रोज पेपरात येते. नाटकाची ती चिमुकली जाहिरात बघा. एक-दोन कॉलम जागा, त्यात नाटकाचं नाव हाताने घडवलेल्या अक्षरात, खाली वार, वेळ, थिएटर, बास. कमल शेडगे, १९३५ ते २०२०, ह्यांनी मराठी नाटकांची शेकडो नावं अशी घडवली, आणि प्रत्येक नाव त्या नाटकाच्या स्वभावाचं. विनोदी नाटकाचं अक्षर गंभीर नाटकाला नाही चालणार, लांबूनच कळतं. कात्रणं जमवा, इंटरनेटवरही मिळतात, आणि नक्कल न करता फक्त बघा की काना कुठे जाड केलाय, शिरोरेघ कुठे तोडलीय, वेलांटी कुठपर्यंत ओढलीय.

करायचं कसं? बोरू, कट निबचा मार्कर, सपाट ब्रश, जे हाताला बसेल ते घ्या. साध्या बाँड पेपरवर काळ्या शाईने तेच नाव पानंच्या पानं लिहा. पहिली दोन-तीन पानं सुवाच्य अक्षराच्या स्पर्धेत जातात, ती जाऊ द्या. नंतर हात सैल होतो. आवडलेली अक्षरं पूर्ण शब्दात सापडणार नाहीत, एका पानावरचा "क" चांगला, दुसऱ्यावरची मात्रा, ते चालतं. ६०० डीपीआयला स्कॅन करा, फोनने फोटो काढू नका, फोनची लेन्स कडेची अक्षरं ताणते. मग इलस्ट्रेटर किंवा फुकटच्या इंकस्केपमधे ट्रेस करून तुकडे जोडा. ऑटो ट्रेस शेकडो बारीक पॉईंट टाकतो, ते कमी करा, नाहीतर मोठ्या बॅनरवर कडा थरथरल्यासारख्या दिसतात. शेवटी ते नाव फोनवर नखाएवढं करून एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला द्या, बँडवाल्यांना देऊन उपयोग नाही, त्यांना ते पाठच आहे.

हाताने नाही जमत तर फाँट घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मुंबईच्या एक टाईपने केलेले मुक्त, बालू, मोदक, जैनी, गोटू, अनेक हे फाँट ओपन लायसन्सचे आहेत, म्हणजे पोस्टर-अल्बम सगळ्याला पैसे न देता वापरता येतात. इंडियन टाईप फाउंड्रीचे तेको, खंड, हिंद, रोझा वन पण तसेच. तेको-खंड उभट आहेत, कमी जागेत मोठं नाव बसतं. मोदक एकदम गुबगुबीत, लहान मुलांच्या गाण्यांना भारी, भारुडाला नको. कुठूनतरी फुकट डाऊनलोड केलेला, लायसन्सचा पत्ता नसलेला फाँट अल्बमवर वापरू नका, अल्बम विकायची वस्तू आहे.

आता देवनागरीचे नेहमीचे लोचे. पहिला, जोडाक्षरं फुटणं आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाणं. इलस्ट्रेटरच्या प्रेफरन्सेसमधे टाईपखाली "शो इंडिक ऑप्शन्स" चालू करा आणि पॅराग्राफ पॅनलमधून साऊथ एशियन कंपोझर निवडा, काम झालं. दुसरा, अक्षरांमधलं अंतर. रोमन कॅपिटल अक्षरं विरळ केली की छान दिसतात म्हणून लोक मराठीलाही तेच करतात आणि शिरोरेघेचे तुकडे पडतात. मराठीत ट्रॅकिंग शून्यच ठेवा. तिसरा, ओळींमधली जागा, वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे मात्रा-अनुस्वार एकमेकांत घुसतात, म्हणून अक्षराच्या दीडपट तरी लीडिंग द्या. चौथा, मराठी "ल" आणि "श". बऱ्याच फाँटमधे आधी हिंदी वळणाचे येतात, भाषा मराठी केली की कित्येक फाँट आपलं वळण आपोआप देतात. पाचवा, "दुसऱ्या" आणि "वाऱ्यावर" मधला अर्धा र, तिथे रफार आला की वाचणाऱ्याला खडा लागतो. आणि कोणी जुन्या, युनिकोड नसलेल्या श्रीलिपी फाँटमधे टाईप केलेला मजकूर पाठवला तर तो युनिकोडमधे बदलून, परत एकदा मूळ कागदाशी ताडून घ्या, बदलताना एखादं अक्षर हमखास उडतं.

चित्र किंवा फोटो

गिटारची सावली, मरीन ड्राईव्हचा सूर्यास्त, लोकलच्या दारात उभा गायक, हे तीन सोडून काहीही चालेल असं माझं मत. बँडचा ग्रुप फोटो अल्बमच्या कव्हरवर शक्यतो नको, नखाएवढ्या आकारात पाच चेहरे म्हणजे पाच ठिपके. पोस्टरवर चालतो. संबळाच्या चामड्याचं क्लोजअप, वाती, झांजांची घासून चमकलेली कड, असं एखादंच पोत भरून टाकलं तर लहान आकारातही टिकतं.

हक्काचं मात्र नीट बघा. पैसे देऊन, तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक १९५७ च्या कॉपीराईट कायद्याप्रमाणे काम देणारा असतो, वेगळा करार नसेल तर. पण मित्राने फुकट, हौसेने शोमधे काढलेला फोटो मित्राचाच. दोन्ही वेळा दोन ओळींचं लेखी घ्या, कशासाठी वापरणार, किती वर्षं, कुठे. हक्क लिहून घेताना मुदतच लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणी तर जगभर स्ट्रीम होणार, म्हणून हे दोन शब्द विसरू नका. नेटवरून उचललेले जुने वारीचे किंवा तमाशाचे फोटो पण कोणाचे तरी असतात. एआयने बनवलेली चित्रं हल्ली सगळीकडे दिसतात, कोणी वापरावीत न वापरावीत तो त्याचा प्रश्न, पण गिटारच्या तारा आणि हाताची बोटं मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि त्यातली देवनागरी सरळ पुसून स्वतः टाका.

पोस्टर मांडताना

ए-थ्री घ्या, २९७ बाय ४२० मिलीमीटर, चारी बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची छपाई), आणि कडेपासून आत किमान १० मिमीपर्यंत काही महत्त्वाचं नको. हा आकार डिजिटल प्रेसच्या १३ बाय १९ इंचाच्या शीटवर ब्लीडसकट आरामात बसतो, १२ बाय १८ वर मात्र कडेला जागाच उरत नाही. मोठं हवं असेल तर १८ बाय २३ इंच, म्हणजे २३ बाय ३६ च्या शीटचे बरोबर दोन तुकडे, फक्त कटिंगमधे कडेचं थोडं जातं ते धरून चला.

वाचनाचा क्रम नाटकाच्या जाहिरातीसारखाच ठेवा. नाव, मग वार-तारीख-वेळ एका ओळीत, मग हॉल आणि स्टेशन, मग तिकीट. बाकी सगळं, निर्मिती, ध्वनी, प्रकाश, आभार, लोगो, हे तळाच्या पट्टीत. तारखेबरोबर वार लिहाच, लोकांच्या डोक्यात रविवार असतो, १४ तारीख नसते. हॉलबरोबर स्टेशन आणि बाजू लिहा, "दादर पश्चिम, स्टेशनपासून चालत", बाहेरून येणाऱ्याला शिवाजी मंदिर कुठे ते माहीत असेलच असं नाही, आणि माटुंगा लिहून माटुंगा रोड म्हणायचं असेल तर माणूस चुकीच्या लाईनवर उतरतो. आपला शो रविवारी आहे म्हणजे मेगाब्लॉक आलाच, संध्याकाळच्या शोला तो बहुतेक संपलेला असतो पण गाड्यांची बोंब चालू असते, तेव्हा शो किती वाजता संपणार ते पण लिहा. डोंबिवली-बदलापूरच्या पब्लिकला तिकिटाच्या किमतीइतकीच परतीच्या गाडीची काळजी असते.

क्यूआर कोड टाकणार असाल तर हातात धरायच्या कागदावर दोन सेंटीमीटरच्या खाली नको, आणि भिंतीवरच्या पोस्टरवर अंतराच्या दहाव्या भागाएवढा, म्हणजे एक मीटरवरून स्कॅन करायचा तर दहा सेंटीमीटर. गडद कोड, फिका बॅकग्राऊंड, आजूबाजूला कोडमधल्या चार बारीक चौकटींएवढी कोरी जागा. काळ्या पोस्टरवर पांढरा कोड काढून स्टाईल मारू नका, काही फोन वाचतात, काही नाही.

लोगोंचं भांडण होणारच. एकच युक्ती, सगळे लोगो एका रंगात आणि सारख्या उंचीच्या पट्टीत. जो प्रायोजक "आमचा मोठा" म्हणेल त्याला बँडच्या मंजुरीवाल्याकडे पाठवा.

मूळ पोस्टर झालं की फोनसाठी नव्याने मांडायचं, दाबून-ताणून नाही. पोस्टसाठी १०८० बाय १३५०, स्टोरीसाठी १०८० बाय १९२०, आणि स्टोरीत वरचे-खालचे अडीचशे पिक्सेल मोकळे सोडा, तिथे अॅपची बटणं येतात. स्टोरीत नाव, तारीख, हॉल एवढंच. आणि एक कोरी आवृत्ती करून ठेवा, मजकुराशिवाय नुसतं चित्र आणि नाव, हाऊसफुल झाल्यावर किंवा पुढचा शो लागल्यावर ती सोन्यासारखी उपयोगी पडते.

अल्बमचं कव्हर, आधी डिजिटल

गाणी स्ट्रीमिंगवर चढवणाऱ्या बहुतेक वितरकांना ३००० बाय ३००० पिक्सेलचं चौकोनी चित्र लागतं, आरजीबीमधे (स्क्रीनच्या रंगांत), जेपीजी किंवा पीएनजी. कव्हरवर वेबसाईट, इन्स्टाचं नाव, किंमत, "आता उपलब्ध" वगैरे टाकलंत की परत येतं, आणि कव्हरवरचं नाव फॉर्ममधे भरलेल्या नावाशी जुळलं नाही तरी परत येतं. रिलीजच्या आदल्या आठवड्यात परत आलं तर बोंबला, म्हणून निदान तीन-चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायला गाण्यामागे फिरणारी छोटी क्लिप लावता येते, उभी, ३ ते ८ सेकंदांची, त्यासाठी कव्हरचे थर वेगळे जपून ठेवा, झांज तेवढी हलवली तरी काम होतं.

पोस्टर आणि कव्हर सारखंच असावं का? नको. पोस्टर एका संध्याकाळपुरतं आहे, त्याने माणसाला दादरला आणलं की ते सुटलं. कव्हर दहा वर्षांनी पण कोणाच्यातरी फोनमधे राहणार. अक्षर तेच, रंगांचं घराणं तेच, चित्र वेगळं, एवढं नातं पुरे.

हातात धरायचा अल्बम

सीडी प्लेअर आता कोणाकडे आहे हा प्रश्न रास्त आहे, नव्या लॅपटॉपमधे ड्राईव्हच नसतो. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मधे बंद झालं तेव्हाच तो विषय बऱ्यापैकी संपला. तरीही शो संपल्यावर टेबलावर काहीतरी विकायला हवं असतं, लोकांना सही घ्यायला काहीतरी हवं असतं. माझा सल्ला, पहिल्या अल्बमला सीडीच्या भानगडीत पडू नका, गाण्यांच्या शब्दांची पुस्तिका करा आणि आत डाऊनलोडचा कोड द्या. मराठी गाण्याचे शब्द लोक वाचतात, आजीला नेऊन देतात. सीडी फुकट दिली तरी गाडीच्या डॅशबोर्डवर पडून राहते.

पुस्तिकेचं गणित चारच्या पटीत चालतं, कारण एका घडीचे चार चेहरे होतात. आठ गाण्यांना आठ पानं, कव्हर एक, श्रेयनामावली एक, फोटो एक, मागचं कव्हर एक, झाली बारा. तीन कागद, मधे दोन पिना. आधी घरी डमी करा, खरोखर कागद घडी घालून, प्रत्येक पानावर पेन्सिलने आकडा आणि गाण्याचं नाव लिहून. तेव्हाच कळतं की लांब भारूड डावीकडून सुरू होऊन पान उलटावं लागतंय की समोरासमोर बसतंय, स्क्रीनवर ते नाही कळत. आतला मजकूर देवनागरीत १० पॉईंटच्या खाली नेऊ नका.

ज्यांना सीडी करायचीच आहे त्यांच्यासाठी मापं. डिस्क १२० मिमी, मधलं भोक १५ मिमी, छपाई साधारण २३ पासून ११८ मिमी व्यासापर्यंत. प्लॅस्टिकच्या केसची पुढची पुस्तिका १२० मिमी चौरस, मागचा कागद १५१ बाय ११८, त्यात दोन्ही कडांना साडेसहा-साडेसहा मिमीच्या कण्याच्या पट्ट्या. डिस्कवर फिकट रंग हवे असतील तर खाली पांढरा बेस मागा, नाहीतर चंदेरी रंग वर येतो. कॅसेटचा कागद १०१ मिमी उंच, पुढचा भाग ६५, कणा १२ ते १३, मागची पट्टी १६. हल्ली काही बँड हौसेने कॅसेट काढतात, ऐकायला कमी आणि शोकेसमधे ठेवायला जास्त. एलपीचं कव्हर ३१५ मिमीच्या आसपास, कणा ३ मिमी, आणि तो कॅनव्हास मिळाला तर खरंच मजा येते, चोर बाजारात मटन स्ट्रीटला जुन्या तबकड्या चाळत एक दुपार घालवा, कव्हरच्या मागचा मजकूर कसा मांडायचे ते बघण्यासाठी. पण कुठल्याही माल बनवणाऱ्याकडून त्याचाच टेम्प्लेट मागून घ्या आणि त्यावरच काम करा, एक-दोन मिमीचा फरक प्रत्येकाकडे असतो.

मागच्या बाजूला काय काय यायलाच हवं? कॉपीराईट कायद्याचं कलम ५२ ए म्हणतं की ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी हव्यात: ज्याने ते मुद्रण केलं त्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता, आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. वर्तुळातला पी ध्वनिमुद्रणाच्या हक्कासाठी, वर्तुळातला सी चित्र-मजकुराच्या. विकणार असाल तर सर्व करांसहित एमआरपी. बारकोड फक्त दुकानात ठेवणार असाल तर, त्याचा मूळ आकार ३७.२९ बाय २५.९३ मिमी, ऐंशी टक्क्यांच्या खाली लहान करू नका. चाल पारंपरिक असेल तर "पारंपरिक" लिहा आणि ज्या कलाकाराकडून शिकलात त्याचं नाव पण लिहा, कायदा मागत नाही तरी.

प्रेसवर

छोट्या नगासाठी डिजिटल, पाचशे-हजारच्या पुढे गेलात की ऑफसेटचा विचार करा, कारण ऑफसेटला प्लेटचा खर्च एकदाच लागतो आणि मग नग वाढेल तसा प्रत्येकी भाव पडतो. आपली शंभर पोस्टर म्हणजे डिजिटल. पण तिसरा पर्याय लोक विसरतात, स्क्रीन प्रिंटिंग. दोन रंग, काळा जाड कागद, त्यावर पांढरी आणि झगझगीत केशरी शाई, असं साध्या डिजिटल मशीनवर येतच नाही. प्रत्येक रंगाला वेगळी फ्रेम म्हणून रंग कमी ठेवायचे, आणि दोन रंग जिथे भिडतात तिथे अर्धा मिमी एकमेकांवर चढवायचे, हातकामात कागद जरा हलतोच. अशी सही केलेली पन्नास पोस्टर शोमधे विकली तर छपाईचा खर्च निघू शकतो.

फाईल देताना रंग सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे), फोटो प्रत्यक्ष आकारात ३०० डीपीआय. स्क्रीनवरचा तो भडक निळा आणि पोपटी छपाईत मलूल होणार हे बँडला आधीच सांगून ठेवा. मोठा काळा भाग नुसत्या काळ्या शाईत राखाडी दिसतो, त्यात निळा ६०, मजेंटा ४०, पिवळा ४० मिसळा. बारीक अक्षरं मात्र फक्त शंभर टक्के काळ्यात, चार रंगांत दिलीत आणि रंग जरा सरकले की मात्रेला रंगीत सावली येते. काळ्यावर पांढरी अक्षरं ८ पॉईंटच्या खाली नकोत, शाई आत घुसते आणि अनुस्वार बुजतात. सगळी अक्षरं आऊटलाईन करून (फाँटऐवजी आकार बनवून) पीडीएफ द्या, आणि आऊटलाईन न केलेली कॉपी स्वतःकडे ठेवा. फ्लेक्सवाले बहुतेक कोरलड्रॉची फाईल मागतात, त्यांना जुन्या व्हर्जनमधे सेव्ह करून द्या.

कागद हाताने निवडा. १७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) आर्ट पेपर पोस्टरला बरा, चमक नको असेल तर मॅट. पुस्तिकेच्या आत ९० ते १०० चा मॅपलिथो (बिनचमकीचा साधा कागद), वाचायला डोळ्यांना बरा, फक्त तो शाई पितो म्हणून फोटो जरा उजळ करून ठेवा. कव्हरला ३०० चा आर्ट कार्ड, मॅट लॅमिनेशन आणि घडीवर क्रीझिंग, म्हणजे दुमडायच्या जागी दाबून पाडलेली रेघ. क्रीझिंग न मारता गडद रंगाचं जाड कार्ड दुमडलं की घडीवर पांढरी भेग पडते, लॅमिनेशनने ती कमी होते पण ग्रेनच्या (कागदाच्या तंतूंच्या दिशेच्या) उलटी घडी असेल तर तरीही पडते, म्हणून "घडी ग्रेनला धरून ठेवा" एवढं वाक्य प्रेसवाल्याला बोला. त्याला कळेल की तुम्हाला कळतं, भाव पण जरा सरळ सांगेल.

प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, घेतल्याशिवाय ओके नाही, आणि ते त्याच कागदावर मागा. मशीनपाशी उभं राहिलात तर मशीनमनच्या भिंगातून नोंदणीचे क्रॉस (रंग जुळवायच्या कडेच्या खुणा) बघा, चारही रंगांच्या रेघा एकावर एक बसून एकच काळी रेघ दिसायला हवी. प्रूफ ट्यूबलाईटखाली बघून ठरवू नका, गाळ्याबाहेर उजेडात घेऊन जा. वाचायला बँडबाहेरचा माणूस द्या, आणि तारीख-वार कॅलेंडरशी ताडा, फोन नंबर लावून बघा, क्यूआर छापील प्रूफवरून स्कॅन करा.

वेळेचं भान ठेवा. गणपतीच्या आधी पावती पुस्तकं आणि बॅनर, मग दिवाळी अंक, मग लग्नपत्रिका आणि कॅलेंडरं, म्हणजे ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत तुमची शंभर पोस्टर रांगेत शेवटी. निवडणूक लागली तर विसराच. त्या महिन्यांत शो असेल तर सहाचे आठ आठवडे करा. पावसात शाई वाळायला वेळ लागतो आणि कागद कडेला वळतो, छापल्या छापल्या कटिंग आणि लॅमिनेशनची घाई करू नका, एक रात्र जाऊ द्या.

माल उचलताना वरचं पोस्टर बघून समाधान मानू नका, गठ्ठ्याच्या मधली चार-पाच काढून बघा, डाग आणि वाकडं कटिंग तिथेच लपलेलं असतं. नग मोजा. पुस्तिकेच्या पिना मधोमध आहेत का, पानांचा क्रम बरोबर आहे का, निदान दहा उघडून बघा. पावसाळा असेल तर गठ्ठा प्लॅस्टिकमधे बांधून घ्या आणि लोकलने नेणार असाल तर गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत, सेकंड क्लासच्या रॅकवर आडवं ठेवलेलं पोस्टर डोंबिवलीपर्यंत सरळ पोचत नाही. पाच पोस्टर आणि पाच पुस्तिका बाजूला काढून त्यावर "विकू नये" लिहा, आणि मूळ फाईल, फाँट, लायसन्स, फोटोवाल्याचं लेखी, प्रेसचा पत्ता आणि कागदाचं नाव सगळं एका फोल्डरमधे टाकून बँडला पण द्या, दुसरी आवृत्ती काढायची वेळ आली तर तुम्ही तेव्हा पुण्याला शिफ्ट झालेले असू शकता.